मर्यादवेल

कोकणच्या किनाऱ्यावर भरतीची लाट जेथे थांबते, त्याच्या किंचित वर कोरड्या वाळूत एक हिरवागार वेल दूरवर पसरलेला दिसतो. सकाळी त्यावर जांभळट गुलाबी, नरसाळ्याच्या आकाराची फुले उमलतात आणि दुपारनंतर कोमेजून जातात. हीच मर्यादवेल.

तिची खरी ओळख फुलापेक्षा पानात आहे. पान जाडसर, गुळगुळीत आणि टोकाशी मधोमध खाच असलेले. पाहताच आपट्याचे पान आठवावे असे. देठ तोडला की पांढरा चीक येतो. ही वेल सहसा कशावर चढत नाही. वाळूवरून सरपटत जाते आणि पेरापेराशी मुळे रोवते.

पानाच्या याच आकारावरून लिनियसने १७५३ साली तिला लॅटिनमध्ये ‘बकरीचा पाय’ या अर्थाचे नाव दिले. दुभंगलेल्या खुरासारखे पान, म्हणून ‘पेस-काप्री’. पुढे १८१८ मध्ये रॉबर्ट ब्राउनने तिचा समावेश ‘इपोमिया’ या प्रजातीत केला. या ग्रीक नावाचा अर्थ ‘अळीसारखी’; वळणे घेत जाणाऱ्या वेलींना तो शोभतो.

शास्त्रज्ञाने पान पाहिले. मराठी माणसाने मात्र जागा पाहिली. मर्यादा म्हणजे सीमा. समुद्राचे राज्य जेथे संपते आणि भूमीचे सुरू होते, तेथे ही वेल उभयतांमध्ये रेघ ओढते. गंमत अशी, की ओढ्याकाठी माजणारी, तोडून फेकलेल्या फांदीतूनही फुटणारी ‘बेशरम’ हिचीच सख्खी भावकी. एकाच कुळात एक मर्यादा आणि एक बेशरम!

तिच्या बिया खाऱ्या पाण्यावर तरंगत दूरच्या किनाऱ्यांना लागतात. म्हणूनच उष्ण प्रदेशांतील बहुतेक समुद्रकाठी ती आढळते. मुळांच्या जाळ्याने ती सुटी वाळू बांधून धरते आणि त्या आधाराने वाळूच्या टेकड्या टिकतात.

किनारा ‘स्वच्छ’ करताना हीच वेल रान समजून उपटली जाते. मग वारा वाळू उडवून नेतो, टेकडी खचते आणि उधाणाच्या लाटांना आतली वाट मोकळी होते. समुद्राला मर्यादा आठवून देणारी वेल माणसाने उपटली, तर मर्यादा नेमकी कोणी ओलांडली, हे सांगावे लागत नाही.