अधिवेशनाचं अख्खं चित्रण लोकांच्या हाती हवं

जून २०२१ मध्ये अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनचं वार्षिक अधिवेशन भरलं होतं. पंधरा हजारांहून जास्त प्रतिनिधी आले होते. टेनेसीतले एक पास्टर, ग्रँट गेन्स, माइकपाशी गेले आणि त्यांनी एक सूचना मांडली. चर्चमधल्या लैंगिक अत्याचारांच्या तक्रारी संस्थेच्या कार्यकारी समितीने कशा हाताळल्या याची बाहेरच्या यंत्रणेकडून चौकशी व्हावी आणि तिच्यावर नव्या अध्यक्षांनी नेमलेल्या कृतिगटाची देखरेख असावी, असं त्यांचं म्हणणं होतं. कामकाज ठरवणाऱ्यांनी ही सूचना पाठवली कार्यकारी समितीकडेच! ज्यांची चौकशी व्हायची, त्यांच्याच टेबलावर. गेन्स यांनी हरकत घेतली. निर्णय फिरवायला दोन तृतीयांश मतं लागणार होती. बहुमत नजरेनेच कळावं इतक्या मतपत्रिका सभागृहात वर गेल्या आणि सूचना पुन्हा सभागृहासमोर आली. मग ती मंजूरही झाली.

हे कामकाज इंटरनेटवर थेट दिसत होतं. ज्या स्त्री-पुरुषांनी लहानपणी किंवा तरुणपणी हे अत्याचार सोसले आणि ज्यांच्या तक्रारींना वर्षानुवर्षं उत्तर मिळालं नाही, त्यांनाही घरबसल्या ते पाहता येत होतं. चर्चच्या राष्ट्रीय अधिवेशनाचं चित्रण सर्वांसाठी खुलं का असावं, याचं याहून बोलकं उदाहरण सापडणं कठीण.

या संस्थेची घडण लक्षात घेतली की मुद्दा आणखी पक्का होतो. सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन १८४५ साली जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा इथे स्थापन झालं. गुलाम बाळगणाऱ्यांना मिशनरी म्हणून नेमावं की नाही, या वादातून उत्तरेकडच्या बॅप्टिस्टांपासून ही मंडळी वेगळी झाली. आज तो अमेरिकेतला सर्वांत मोठा प्रोटेस्टंट पंथ आहे, सभासद सव्वा कोटीच्या आसपास. इथे बिशप नाहीत. प्रत्येक स्थानिक चर्च स्वतंत्र. सगळ्यांनी मिळून काही ठरवायचं तर ते वर्षातून एकदा, जून महिन्यातल्या दोन दिवसांत. एका चर्चला जास्तीत जास्त बारा प्रतिनिधी पाठवता येतात आणि मत द्यायला सभागृहात हजर राहावंच लागतं. विमानाचं भाडं, हॉटेलचा खर्च, कामावरची रजा हे गणित खेड्यातल्या लहान चर्चला दरवर्षी जमत नाही. आपल्या नावाने काय ठरलं हे अशा चर्चच्या सभासदांना कळणार कसं?

पूर्वी ते छापील अहवालातून आणि बातम्यांतून कळायचं. १९८५ मध्ये डॅलसच्या अधिवेशनाला पंचेचाळीस हजारांहून जास्त प्रतिनिधी लोटले होते. पुराणमतवादी आणि मध्यममार्गी गटांची ती निर्णायक झुंज होती. जे गेले नाहीत, त्यांना दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबावं लागलं. छापील अहवालात ठराव आणि आकडे येतात. हरकत कुणी घेतली, अध्यक्षांनी ती कशी हाताळली, सभागृहाचा कल नेमका कुठे बदलला, हे चित्रणातच दिसतं.

नॅशव्हिलच्या आधीची दोन वर्षंही ध्यानात घ्यायला हवीत. फेब्रुवारी २०१९ मध्ये ह्यूस्टन क्रॉनिकल आणि सॅन अँटोनिओ एक्स्प्रेस-न्यूज या दैनिकांनी वृत्तमालिका छापली. वीस वर्षांत या पंथातल्या सुमारे ३८० पदाधिकाऱ्यांवर आणि स्वयंसेवकांवर आरोप झाल्याचं आणि पीडितांची संख्या सातशेहून जास्त असल्याचं तिने समोर आणलं. नॅशव्हिलच्या ठरावानंतरही कार्यकारी समिती वकिलांशी झालेला गोपनीय पत्रव्यवहार चौकशीसाठी खुला करायला आठवड्यामागून आठवडे कांकू करत राहिली. अखेर ५ ऑक्टोबर २०२१ रोजी ४४ विरुद्ध ३१ मतांनी तो खुला झाला. मे २०२२ मध्ये अहवाल आला. आरोप झालेल्या पास्टरांची यादी समितीचा एक कर्मचारी गुपचूप ठेवत होता, हे त्यातून कळलं. पीडित मात्र अशाच यादीची मागणी वर्षानुवर्षं करत होते आणि त्यांना नकार मिळत होता.

कॅमेरा सभागृहात असतो, समितीच्या बंद खोलीत नसतो. म्हणून केवळ थेट प्रक्षेपणावर समाधान मानता येणार नाही. पण सभागृहात जे घडलं त्याची नोंद सर्वांसमोर नसती, तर त्या समितीला टाळाटाळ करणं कितीतरी सोपं गेलं असतं.

आता हे चित्रण पुढे पाठवणाऱ्यांविषयी. २०२३ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या अधिवेशनात कॅलिफोर्नियातल्या सॅडलबॅक चर्चला बाहेर काढण्याचा विषय होता. त्या चर्चने स्त्रियांना पास्टर नेमलं होतं. चर्चचे संस्थापक रिक वॉरन यांना बाजू मांडायला तीन मिनिटं मिळाली. संस्थेच्या बाजूने अल्बर्ट मोलर बोलले. ९,४३७ विरुद्ध १,२१२ मतांनी हकालपट्टी कायम राहिली. वॉरन यांच्या भाषणाचा तुकडा एका गटाने पाठवायचा, मोलर यांच्या उत्तराचा दुसऱ्याने, यातून प्रत्येकाला आपलीच बाजू पुन्हा ऐकू येते. त्याच दिवशी केंटकीतल्या लुईव्हिल इथल्या फर्न क्रीक या लहान चर्चचाही निवाडा झाला. तिथल्या पास्टर लिंडा बार्न्स पॉपम यांनीही त्याच माइकवर आपलं म्हणणं मांडलं होतं. मोठ्या नावाच्या मागे लागलेल्याला त्या दिसणारच नाहीत. पूर्ण चर्चा पाठवावी, सोबत दिनांक आणि ठरावाचा विषय लिहावा, तुकडा पाठवायचाच तर तो अख्ख्या चित्रणात कुठे आहे ते सांगावं. एवढं प्रत्येकाला जमण्यासारखं आहे.

कॅमेऱ्यापुढे माणसं भाषणबाजी करतात, असा एक आक्षेप असतो. तो खरा आहे. पण पंधरा हजारांपुढे बोलणारा माणूस कॅमेरा नसतानाही सभा जिंकायलाच उभा असतो. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. आपला चेहरा जगभर फिरावा असं प्रत्येक पीडिताला वाटत नाही. त्यांची संमती आधी घ्यायला हवी आणि ती नसेल तर तेवढा भाग गाळायला हवा. पदाधिकाऱ्यांना मात्र ही सवलत नको.

आणि हे चित्रण वर्षानुवर्षं जपलं जायला हवं. जून २०२२ मध्ये अनाहाइमच्या अधिवेशनात प्रतिनिधींनी आरोपींच्या नावांची नोंद ठेवणारी व्यवस्था उभारायला मंजुरी दिली. ‘मिनिस्ट्री चेक’ असं तिचं नाव ठरलं. त्या कामासाठी नेमलेल्या कृतिगटाची मुदत जून २०२४ मध्ये संपली, तेव्हा तिच्यात एकही नाव चढलेलं नव्हतं. अनाहाइमच्या मतदानाचं चित्रण चर्चच्या सभासदांनी आज पुन्हा एकमेकांना पाठवावं आणि आपापल्या प्रतिनिधींना विचारावं: या ठरावाचं पुढे काय झालं?