वस्तादाला कोण विचारणार?

२ फेब्रुवारी २०२५. अहिल्यानगरच्या मैदानात महाराष्ट्र केसरीची गादी गटातली अखेरची कुस्ती सुरू होती. पंचांनी पृथ्वीराज मोहोळला चितपट विजयी ठरवले. आपले दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, असे शिवराज राक्षेचे म्हणणे होते. ते खरेही असू शकेल. पण त्याने पंचांची कॉलर धरली आणि त्यांना लाथ मारली. हा दोन वेळचा महाराष्ट्र केसरी. पुढे किताबाच्या लढतीत महेंद्र गायकवाडही पंचांशी हुज्जत घालून आखाडा सोडून निघून गेला. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. नंतर पंच चुकले की बरोबर होते, यावर चावडीपासून चॅनेलपर्यंत चर्चेचा धुरळा उडाला. खरा प्रश्न त्या धुरळ्यात हरवला. लहानपणापासून पहाटे उठून हजारो जोर-बैठका मारलेल्या माणसाला एका निकालापुढे स्वतःला आवरता का आले नाही? इतकी वर्षे तालमीत त्याला नेमके काय शिकवले गेले?

अन्याय तर खाशाबा जाधवांवरही झाला होता. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये एक दमछाक करणारी कुस्ती संपताच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवसमोर उभे करण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता, पण तो सांगायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. गोळेश्वरचा हा पैलवान थकल्या अंगाने उतरला, हरला आणि कांस्यपदक घेऊन कराडला परतला. गावाने बैलगाड्यांची मिरवणूक काढली. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते.

अहिल्यानगर वाशिम जिल्ह्यातल्या आमच्या अनसिंग गावापासून लांब आहे. तरीही ही गोष्ट आम्ही इथे काढतो, कारण ‘शिस्त लागेल’ या दोन शब्दांवर वाशिम, पुसद, मालेगाव आणि आसपासच्या गावांतले आईबाप आपली लेकरे कराटे, तायक्वांदो, लाठीकाठी आणि कुस्तीच्या वर्गांत घालत आहेत. ज्याचे पोर शाळेत मार खाऊन येते तो बाप तिथे जातो, आणि ज्याचे पोर दुसऱ्यांना मारून येते तोही. दोघांना उत्तर एकच मिळते : ‘क्लासला टाका, सुधारेल.’ सुधारेल की बिघडेल, हे ठरवणाऱ्या माणसाची चौकशी मात्र दोघांपैकी कोणीच करत नाही. आमची चिंता नेमकी हीच आहे.

दांडगाई करणारी पोरे या विद्येकडे ओढली जातात, की ही विद्याच पोरांना दांडगट बनवते, हा वाद जगभर जुना आहे. शाळेतल्या दादागिरीचा आयुष्यभर अभ्यास केलेले नॉर्वेचे डॅन ओल्व्हेउस आणि त्यांच्या सहकारी इंगर एंड्रेसेन यांनी २००५ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. अकरा ते तेरा वर्षांच्या ४७७ मुलग्यांवर त्यांनी दोन वर्षे लक्ष ठेवले होते. कुस्ती, मुष्टियुद्ध, वजन उचलणे आणि पूर्वेकडच्या युद्धकला करणाऱ्या मुलांचे मैदानाबाहेरचे वागणे बिघडत गेल्याचे त्यांना दिसले. मुळातच बिघडलेली पोरे तिकडे जातात, एवढ्याने त्याचा उलगडा होत नव्हता. तिथल्या मर्दानगीच्या वातावरणाचा आणि बोलण्या-वागण्याचा तो परिणाम असावा, असे त्यांनी लिहिले. त्याआधी १९८६ मध्ये अमेरिकेत मायकेल ट्रुलसन यांनी गुन्हेगारीकडे वळलेल्या ३४ किशोरांचे तीन गट केले होते. एका गटाला तायक्वांदो शिकवताना ध्यान, गुरूचा आणि प्रतिस्पर्ध्याचा आदर, संयम यांचीही शिकवण दिली. दुसऱ्या गटाला नुसते लढायला शिकवले. तिसऱ्याला फक्त धावणे आणि इतर खेळ. सहा महिन्यांनी पहिल्या गटाची आक्रमकता उतरली होती आणि दुसऱ्याची आधीपेक्षा वाढली होती. मुले मोजकीच होती हे खरे. पण कोणत्याही जुन्या वस्तादाला विचारा, तो दुसरे काही सांगणार नाही. लाथ तीच असते. ती कुठे मारायची नाही हे कोणी शिकवले का, यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

आपल्याकडच्या तालमीत हे शिकवण्याची एक रीत होती. नवा पोऱ्या आला की पहिले काही दिवस त्याच्या हाती डाव येत नसे, फावडे येई. हौद्यातली लाल माती खणायची, ढेकळे फोडायची, ताक, तेल, हळद आणि लिंबाचा रस घालून ती मळायची. आपल्याच हाताने मऊ केलेल्या त्या मातीत दुसऱ्या दिवशी आपल्यालाच पाठ टेकायची असते, हे त्याला कोणी सांगावे लागत नसे. मातीला हात लावून सलामी, मग जोडीदाराशी हात मिळवणे, मग कुस्ती. बाजारात कोणाशी हाणामारी केल्याचे कळले तर वस्ताद त्याला हौद्यात पाय ठेवू देत नसे, आणि वस्तादाला कळायचेच, कारण तो त्याच गावात राहायचा. अमरावतीत अंबादासपंत आणि अनंतराव वैद्य या बंधूंनी १९१४ मध्ये श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे केले आणि व्यायामाला अभ्यासाची जोड दिली. त्यांच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मल्लखांब आणि कबड्डी जगाला दाखवली. शिकवणाऱ्यालाही आधी शिकावे लागते, हे वऱ्हाडाला शंभर वर्षांपूर्वी ठाऊक होते.

जुने ते सगळे सोने होते, असे आम्ही मानत नाही. मुलींना आखाड्याची पायरी बंद होती. थोरल्या पैलवानाचे अंग रगडण्याच्या नावाखाली धाकट्यांना राबवले जाई, आणि निवडणुकीच्या दिवशी ‘तालमीतली पोरे’ कोणाच्या जीपमध्ये बसतात हेही गावाने पाहिले आहे. हरियाणा-दिल्लीच्या आखाड्यांची तर याहून वाईट कथा मे २०२१ मध्ये समोर आली. दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये सागर धनखड या तरुण पैलवानाला झालेल्या मारहाणीत त्याचा जीव गेला आणि त्या खटल्यात दोन ऑलिंपिक पदके जिंकणारा सुशील कुमार आरोपी झाला. निकाल न्यायालय देईल. पण देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या तालमीत हे घडू शकते, तर चार पोरांच्या वर्गाबद्दल आपण डोळे मिटून कसे बसायचे?

आजच्या वर्गाचे चित्र वेगळे आहे. बऱ्याच ठिकाणी ‘सर’ आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी शहरातून मोटारसायकलवर येतात, तासभर शिकवतात आणि निघून जातात. उरलेला आठवडा पोरगा कसा वागला, हे त्यांना कळायला मार्ग नाही. पांढरा, पिवळा, केशरी, हिरवा अशी पट्ट्यांची शिडी आहे, प्रत्येक पट्ट्याला परीक्षा आहे आणि परीक्षेला फी आहे. ज्याच्या फीवर घर चालते, त्या मुलाला ‘अजून तयार नाहीस’ म्हणायला छाती लागते. काळा पट्टा कोणी दिला, तो देणारी संघटना कोण, हे पाहायला गेले तर गुंता सुटत नाही. भारतीय ऑलिंपिक संघटनेने २०२० मध्ये देशाच्या कराटे संघटनेचीच मान्यता काढून घेतली होती. त्यात भर खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणाची आणि दहावी-बारावीच्या क्रीडागुणांची. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लाटल्याची प्रकरणे याच महाराष्ट्रात उघडकीस आली आहेत. प्रमाणपत्रासाठी भरलेल्या वर्गात संयम शिकवायला वेळ कोणाकडे आहे?

पालकांना आमचे सांगणे आहे की पोराला सोडून लगेच परत फिरू नका. वर्गाच्या कडेला अर्धा तास उभे राहा. जोडीची झुंज लावताना सर दांडग्या पोरासमोर कोणाला उभे करतात, तोलामोलाच्या गड्याला की रोजच मार खाणाऱ्या किरकोळ अंगाच्या पोराला? ‘थांब’ म्हटल्यावर हात थांबतो का, आणि नाही थांबला तर सर काय करतात? एखादे पोर रडले तर बाकीचे हसतात का, आणि त्या हसण्यात सरही सामील होतात का? उशिरा आलेल्याला कान धरून कोंबडा करतात का? शिकवणाऱ्याचा स्वतःचा हात पोरांवर उठतो का? एवढ्यावरून तिथे शिस्त शिकवली जाते की दहशत, हे कोणत्याही शेतकरी बापाला, कोणत्याही आईला कळेल. त्यासाठी काळा पट्टा लागत नाही.

पण हे एकट्या पालकांवर सोडून भागणार नाही. शाळेत मास्तरांनी छडी उगारली तर २००९ चा शिक्षणहक्क कायदा आडवा येतो. या वर्गांना साधा परवानाही लागत नाही. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने खासगी शिकवण्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतून खेळ आणि नृत्य स्पष्ट शब्दांत वगळले. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतला अत्याचार उघड झाल्यावर राज्याने शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या पोलीस पडताळणीचे फर्मान काढले. संध्याकाळी मैदानात किंवा भाड्याच्या हॉलमध्ये भरणारा वर्ग मात्र त्या कुंपणाच्या बाहेरच राहिला. डाव शिकवताना लेकराच्या अंगाला हात लावावाच लागतो, आणि तिथे एकच प्रौढ माणूस असतो.

मुलींच्या बाबतीत ही चिंता दुपटीने वाढते. सरकारी शाळांतल्या सहावी ते बारावीच्या मुलींसाठी समग्र शिक्षा अभियानातून राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण चालते. तीन महिने, शाळेमागे महिन्याला ५ हजार रुपये. योजना चांगली आहे आणि ती बंद पडू नये. पण तीन महिन्यांत चार ठोसे शिकवून मुलीला ‘आता तू सुरक्षित आहेस’ म्हणणे ही तिची फसवणूक आहे. २०२३ मध्ये कुस्तीपटू साक्षी मलिक आणि विनेश फोगाट दिल्लीत जंतरमंतरवर धरणे धरून बसल्या, त्या काही दुबळ्या नव्हत्या. साक्षीकडे ऑलिंपिकचे पदक होते. तरीही कुस्ती महासंघाच्या अध्यक्षांवरील लैंगिक छळाच्या आरोपांची दाद मागायला त्यांना रस्त्यावर झोपावे लागले. समोरच्याच्या हातात तुमची निवड, तुमचे प्रमाणपत्र आणि तुमचे भविष्य असेल तर कोणताही डाव चालत नाही. मुलींना ठोशाच्या आधी हे शिकवले पाहिजे की शिकवणाऱ्यालाही ‘नाही’ म्हणता येते, आणि १०९८ हा क्रमांक त्यांच्यासाठीच आहे.

मागण्या अवघड नाहीत. गावात असा वर्ग चालवणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला घ्यावा आणि त्याची प्रत ग्रामपंचायतीत द्यावी. अनसिंगला पोलीस ठाणे गावातच आहे, त्यासाठी वाशिमला खेटे घालायला नकोत. वर्गाच्या वेळी एक तरी पालक, शक्यतो एखादी आई, तिथे हजर असावी. शाळेचे मैदान वापरायला देताना मुख्याध्यापकांनी लेखी अटी घालाव्यात : अंगावर हात नाही, अपमानाची शिक्षा नाही, वर्गाबाहेर मारामारी केलेल्या मुलाला, ज्याला मारले त्याची माफी मिळेपर्यंत झुंजीत उतरता येणार नाही. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांनी कोणत्या संघटनेचा पट्टा ग्राह्य आणि कोणता नाही, याची यादी मराठीत प्रत्येक शाळेच्या फलकावर लावावी. सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम बाल संरक्षण समिती आहे. तिने या वर्गांना भेटी द्याव्यात आणि काय पाहिले ते लिहून ठेवावे.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, असा महाराष्ट्राचा कायदा आहे. येत्या सभेत हा विषय पहिल्या क्रमांकावर घ्यावा आणि वर्ग चालवणाऱ्या सरांना तिथे समोर बोलवावे. आपण काय शिकवतो, हे त्यांनी ज्यांची लेकरे शिकतात त्या आयांना सांगावे, आणि त्यांच्या प्रश्नांना तिथेच उत्तरे द्यावीत.