थांबलेला पाळणा, न थांबणारे वय

निघोजे गावाच्या शिवारात महिंद्राचा वाहननिर्मिती प्रकल्प उभा राहिला, आणि चाकणच्या या पट्ट्यात सुटे भाग पुरविणाऱ्या लहानमोठ्या शेडची संख्या वाढत गेली. दुकानाच्या गादीवर बसणाऱ्या घरांतील तरुणही त्यात उतरले. कर्ज, जागेचे भाडे, यंत्रांचे हप्ते, सूनबाई सी.ए.ची शेवटची परीक्षा देत असतात किंवा हिशेबाचा सारा भार उचलत असतात. सासूबाईंनी हळूच विषय काढला की मुलाचे उत्तर ठरलेले असते, ‘मम्मी, आधी मशीनचे हप्ते फिटू दे.’

हा निर्णय अविचाराचा म्हणता येत नाही. अडचण एवढीच की, स्त्रीबीजांच्या साठ्यात जमेची बाजू नसते. मुलगी जन्माला येते तेव्हा तिच्या अंडाशयांत सुमारे दहा ते वीस लाख बीजे असतात. वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात आणि पुढे ती घटतच जातात. पस्तिशीनंतर ही घट वेगावते. शिवाय उरलेल्या बीजांची गुणवत्ता खालावून गर्भपाताचा धोका वाढतो. नियमित मासिक पाळी आणि सतेज चेहरा यांवरून आतला साठा कळत नाही.

माजी विश्वसुंदरी डायना हेडन यांनी २००७-०८ मध्ये मुंबईत डॉ. नंदिता पालशेतकर यांच्या देखरेखीखाली सोळा स्त्रीबीजे गोठवून ठेवली होती. त्यांतूनच जानेवारी २०१६ मध्ये, वयाच्या ४२व्या वर्षी, त्यांना कन्या झाली. ही वार्ता घरोघरी पोहोचली. पण बीजे गोठविली म्हणजे बाळ नक्की, असे मात्र नसते. गोठविलेले प्रत्येक बीज वितळताना टिकत नाही, टिकलेले प्रत्येक फळत नाही. तिशीच्या आसपास गोठविलेल्या बीजांकडून जी आशा धरता येते, ती चाळिशीत गोठविलेल्यांकडून धरता येत नाही.

उपचार तसे थोडक्या दिवसांचे आहेत. सुमारे दहा-बारा दिवस संप्रेरकांची इंजेक्शने, मधूनमधून सोनोग्राफी, मग भूल देऊन सुईने बीजे काढणे आणि उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये साठविणे. या काळात शरीराला पाणी व प्रथिने पुरेशी लागतात. म्हणून पर्युषणात अठ्ठाई करावयाची असेल, तर उपचार तिच्या पुढेमागे ठेवणे इष्ट. साठवणुकीचे शुल्क दरवर्षी भरावे लागते, हेही आधीच विचारून घ्यावे.

एक प्रश्न मात्र जैन घरांत विशेष जड ठरतो. विवाहित जोडप्यांना अनेकदा भ्रूण गोठविण्याचा पर्याय सुचविला जातो. कुटुंब पूर्ण झाल्यावर उरलेल्या भ्रूणांचे काय? २०२१च्या साहाय्यित प्रजनन कायद्यानुसार भ्रूण दहा वर्षांहून अधिक काळ ठेवता येत नाहीत. मुदत संपली की ते नष्ट होऊ द्यावे लागतात किंवा संमतीने संशोधनासाठी द्यावे लागतात. अहिंसेचे व्रत मानणाऱ्या मनाला हे पुढे सलू शकते. फलन न झालेली बीजे गोठविल्यास निदान हा पेच तत्काळ उभा राहत नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी ती महाराजसाहेबांपुढे ठेवावी, पण इंजेक्शने सुरू होण्यापूर्वी.

आणि तपासणी सुनेचीच का? पुरुषाचे वय, तंबाखू, भट्टीजवळची सततची उष्णता यांचाही परिणाम शुक्राणूंवर होतो. सुदैवाने शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिनेच लागतात, त्यामुळे सवयी बदलल्यास सुधारणेला वाव असतो. पत्नीसाठी ए.एम.एच.ची रक्ततपासणी व सोनोग्राफी, पतीसाठी वीर्यतपासणी, एवढे तिशी ओलांडताना दोघांनी बरोबर करून घेतले, तर आणखी किती थांबावे याचा विचार अंदाजावर राहत नाही.

साठवणुकीपूर्वी एक लेखी संमतिपत्र द्यावे लागते. जोडप्यापैकी एकाचा मृत्यू झाला किंवा तो अक्षम झाला, तर साठविलेल्याचे काय करावयाचे, हे त्यात नमूद करणे कायद्याने बंधनकारक आहे. भागीदारीच्या करारातील स्वल्पविरामही तपासणारे कित्येक जण या कागदावर मात्र न वाचताच सही करतात.