विटांचा तंबोरा

मुलांनी खेळण्यातल्या विटा एकीवर एक बसवून एखाद्या वाद्याची हुबेहूब प्रतिकृती करावी, यात कौतुक करण्यासारखे काय आहे, असा प्रश्न आपल्याकडची वडीलधारी मंडळी हल्ली विचारतात. मूल पेटीपाशी बसले तर निदान दोन अलंकार तरी वाजवील. प्लास्टिकच्या पियानोतून काय निघणार? प्रश्न अगदीच वावगा नाही. तथापि माझे मत निराळे आहे. ते तसे बनण्यास मावल्याच्या एका घरात पाहिलेला उद्योग कारण झाला, म्हणून त्याविषयी चार शब्द लिहितो.

आधी या विटांची हकीकत सांगितली पाहिजे. डेन्मार्कमधील बिलुंड नावाच्या लहानशा गावी १९३२ साली एका सुताराने लाकडी खेळणी करण्यास आरंभ केला. तीच पुढे लेगो कंपनी झाली. आज घरोघर दिसणाऱ्या विटेच्या पेटंटसाठी तिने २८ जानेवारी १९५८ रोजी अर्ज केला. विटेच्या माथ्यावर गोल बटणे आणि पोटात पोकळ नळ्या. एकीची बटणे दुसरीच्या पोटात घट्ट धरून राहतात आणि ओढली की सुटतात. एवढीच युक्ती, पण तिच्यात चुना नाही, खिळा नाही. तेव्हाची वीट आजच्या विटेवर बिनतक्रार बसते. आठ बटणांच्या, एकाच रंगाच्या सहा विटा घेतल्या तर त्या ९१,५१,०३,७६५ निरनिराळ्या प्रकारे जोडता येतात, असे गणित्यांनी मोजून काढले आहे.

याच कंपनीने २०२० साली एक पियानो काढला. त्याची मूळ कल्पना चीनमधील डॉनी चेन या पियानो-शिक्षकाची. तुकडे ३,६६२, आणि पट्ट्या २५. खऱ्या पियानोला त्या ८८ असतात. पट्टी दाबली की आतली हातोडी उचलली जाते, झाकण उघडले की तारांची रांग दिसते. स्वर मात्र येतो तो मोबाइलमधून. या शेवटल्या गोष्टीला पुष्कळ लोक हसतात. मला तीत हसण्यासारखे फारसे दिसत नाही. ज्याचा जन्म पियानो शिकवण्यात गेला, त्याला पट्टीमागची हातोडी दाखविल्यावाचून राहवेना, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. वाजविणाऱ्यालासुद्धा आपल्या वाद्याचे पोट क्वचितच ठाऊक असते.

आता मावल्याची गोष्ट. हे गाव आदिलाबाद शहराला लागून, नागपूर-हैदराबाद हमरस्त्यावर आहे. माझ्या भाच्याचे बिऱ्हाड तेथे आहे. गेल्या दिवाळीत त्याची तेरा वर्षांची मुलगी जुन्या विटांची पाटी पुढे घेऊन तंबोरा रचीत बसली होती. तंबोऱ्याचा तयार संच कोठेही विकत मिळत नाही; सबब नकाशा नाही आणि सूचनांची वहीही नाही. पुढ्यात होता तो तिच्या पणजीचा, गवसणीतून बाहेर काढलेला मिरजेचा तंबोरा आणि एक शिंप्याची टेप.

पहिली अडचण भोपळ्याची. वीट चौकोनी, भोपळा गोल. तिने भोपळ्याच्या पोटावर बोटाबोटाच्या अंतराने टेप फिरवून घेर मोजले, आणि तितक्या कड्या विटांच्या रचून त्या एकीवर एक चढविल्या. दुरून पाहिले तर गोलाई येते, जवळून पाहिले तर देवळाच्या शिखरासारख्या पायऱ्या दिसतात. दांडी भरीव केली तर वजनाने मान मोडते. म्हणून ती पोकळ करावी लागली, आणि खऱ्या तंबोऱ्याची दांडी पोकळ का असते ते तिला कोणी न सांगता कळले. खुंट्या फिरत्या केल्या, तारांच्या जागी शिवणाचा दोरा ओढला, तारेखाली मणीसुद्धा घातले. तीन दिवसांत हे सारे जमले. चौथ्या दिवशी ती घोडीपाशी येऊन अडली.

"आजोबा, ही घोडी वरून सपाट दिसते, पण पट्टी ठेवली तर दोन्ही कडांनी उजेड दिसतो. ही नीट घासलेली नाही का?" असे तिने मला विचारले.

ती नीट घासलेली होती, म्हणूनच उजेड दिसत होता! तंबोऱ्याचे सारे मर्म त्या केसभर उतारात आहे. तार घोडीवर एका रेघेवर टेकत नाही. ती त्या किंचित उतरत्या पाठीला क्षणोक्षणी भिडते आणि सुटते. मध्ये सुताचा धागा सरकविला की तो स्पर्श नेमका होतो आणि स्वराला पैलू फुटतात. याला आपण जवारी म्हणतो. सर चंद्रशेखर वेंकटरामन यांनी १९२१ साली यावर शास्त्रीय निबंध लिहिला. तार ज्या बिंदूवर छेडावी त्या बिंदूवर ज्या उपस्वराचा स्थिर ठाव असतो, तो उपस्वर उमटू नये, असा युरोपातील पंडितांचा नियम होता. तंबोऱ्यात तो स्पष्ट उमटतो, आणि त्याचे कारण ही घोडी व हा धागा, असे रामन यांनी दाखविले. घोडी घासणाऱ्या मिरजेच्या शिकलगारांनी हा निबंध वाचला नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या हत्यारांना धार लावणारे हे लोक. एकोणिसाव्या शतकात ते वाद्यांकडे वळले आणि तोच हात घोडीवर चालवू लागले. त्यांच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

त्या मुलीची घोडी अखेर सपाटच राहिली, कारण विटेला केसभर उतार ठाऊक नाही. परंतु माझ्या मते तिच्या उद्योगाचे फळ नेमके तेथे आहे. ज्या घरात तो तंबोरा तीस वर्षे कपाटावर पडून होता, त्या घरात कोणीही घोडीकडे डोळा लावून पाहिले नव्हते. रियाजाला विजेवरच्या तंबोऱ्याची डबी. बटण दाबले की षड्‌ज-पंचम सुरू. डबी सोयीची आहे, प्रवासात तर फारच. पण ती मुलाला प्रश्न विचारावयास लावीत नाही. विटांचा तंबोरा मुका असूनही त्याने तो विचारावयास लावला. प्रतिकृती करणाऱ्याला प्रत्येक भाग का आहे हे स्वतःशी ठरवावे लागते, आणि जेथे त्याचे सामान अपुरे पडते तेथे कारागिराचे मोल त्याला कळते.

मात्र दुसऱ्या बाजूचा धोकाही सांगितला पाहिजे. हुबेहूब आकार हाती आला की वस्तू वाचली, असा समज फार लवकर होतो. मावल्याच्या आसपासच याचे उदाहरण आहे. आदिलाबादच्या राजगोंडांचे पिढीजात गायक म्हणजे परधान. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४० नंतरच्या दशकात या मुलखात राहून त्यांचा अभ्यास केला. परधान आपल्या घरात मराठी बोलत आणि यजमानांच्या कुळांच्या कथा मात्र गोंडीत गात, हे त्यांनी टिपून ठेवले आहे. हाती तीन तारांची, गजाने वाजणारी किंगरी. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत या जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्याकडे गेले, आदिलाबाद तेलुगु राज्यात राहिले; मराठी बोलणारा, गोंडी गाणारा परधान दोन्हीकडे वाटला गेला. आपण जुनी मराठी घराणी, तंबोऱ्याविषयी हळवे होतो, आणि आपलीच बोली बोलणाऱ्या या गायकाची किंगरी आपल्या वाद्यांच्या यादीत धरीतसुद्धा नाही. तिची प्रतिकृती काचेच्या कपाटात सहज ठेवता येईल. पण कथा कोणत्या ठिकाणी गज थांबवून सांगावयाची आणि कोठे गजाबरोबर गावयाची, हे कपाटात ठेवता येत नाही. ते म्हाताऱ्या परधानाच्या मनगटात असते आणि त्याच्याबरोबर जाते. यजमानाच्या घरचे आमंत्रण आणि धान्य बंद झाले की त्याचा मुलगा किंगरी उचलीत नाही, हा साधा हिशेब आहे.

म्हणून माझे म्हणणे दोन्ही पक्षांना न रुचणारे आहे. विटांच्या खेळाला हसणाऱ्यांनी हसणे सोडावे, कारण डोळे उघडण्याचे ते उत्तम साधन आहे. आणि प्रतिकृती झाल्यावर टाळ्या वाजविणाऱ्यांनी तेथे थांबू नये. पियानोचा तयार संच जरूर आणावा, पण एकदा तो जमला की मुलाला सांगावे, आता नकाशावाचून सारंगी कर, संबळ कर, किंगरी कर. हैदराबादेत मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, विवेकवर्धिनी आहे. उन्हाळ्याच्या सुटीत अशा संस्थांनी आठ दिवसांचा एक वर्ग चालवावा. सहा दिवस मुलांनी विटांची वाद्ये रचावी. सातव्या दिवशी मिरजेहून एक जवारी लावणारा आणि आदिलाबादेहून एक किंगरीवाला परधान यांस मानाने, बिदागी देऊन बोलवावे. आठव्या दिवशी मुलांनी विचारावे आणि त्यांनी दाखवावे. खर्च एका साध्या बारशाहून अधिक येणार नाही.

यातली बिदागीची बाब लहान समजू नये. आपल्या संस्था शालीला आणि नारळाला मागे हटत नाहीत. कारागिराची मजुरी मात्र त्यांना जड वाटते. जवारी लावणाऱ्याला वर्षातून चार घरे बोलावतील तर तो मुलाला हा धंदा शिकवील. परधानाला चार गावे बोलावतील तर त्याचा मुलगा गज हाती धरील. मुलांनी प्रश्न तयार केले आहेत. उत्तर देणारे हात आजही आहेत, पण ते थोडे उरले आहेत. तेव्हा ज्यांच्या घरी तंबोरा कपाटावर असेल त्यांनी या आठवड्यात गवसणी काढावी, घोडीवर पट्टी ठेवून घरातल्या मुलाला उजेड दाखवावा, आणि ती घोडी पुन्हा घासून घेण्यासाठी कारागिराचा पत्ता शोधावा.