पाटी आपल्या नावाची, किल्ली आपल्या हातात

आपल्या वस्तीतील होतकरू तरुण-तरुणी आता केवळ नोकरीच्या कॉलची वाट पाहत बसत नाहीत. कोणी घरगुती मसाले करून विकतो, कोणी चामड्याच्या पर्स आणि पट्टे बनवतो, कोणी केटरिंगच्या ऑर्डर घेतो, तर कोणी छोटेसे प्रकाशन चालवतो. धंदा जरा रुळला, गिऱ्हाईक गावाबाहेरून विचारू लागले, की मनात येते, आपली वेबसाइट असावी. आणि मग पहिला प्रश्न पडतो, होस्टिंग कोणाकडे घ्यावे? याचे उत्तर बहुतेकांना एकतर जाहिरातीतून मिळते, नाहीतर ओळखीच्या मुलाकडून. दोन्हीकडून मिळालेले उत्तर बरोबर असेलच असे नाही. म्हणून आज या विषयाचा जरा सविस्तर विचार करू.

आरंभीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. दुकानाचा पत्ता, फोन नंबर आणि वेळ एवढेच लोकांना कळवायचे असेल, तर होस्टिंगवर खर्च करण्याची घाई नको. गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद विनामूल्य करता येते आणि व्हॉट्सॲप बिझनेसवर मालाची यादी ठेवता येते. परंतु स्वतःच्या नावाने माल विकायचा असेल, दरपत्रक, नमुने, जुनी कामे दाखवायची असतील, तर स्वतःची वेबसाइट हवी. कारण दुसऱ्याच्या ओट्यावर मांडलेले दुकान ओट्याच्या मालकाच्या मर्जीवर चालते. जिओसिटीज ही मोफत जागा १९९४ साली सुरू झाली. जगभरच्या लाखो लोकांनी तिथे आपली पाने उभी केली. पुढे ती याहूने विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद करून टाकली.

जागा वेगळी, पाटी वेगळी

वेबसाइट म्हणजे एकच वस्तू आहे असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. पहिली डोमेन, म्हणजे आपले नाव. डॉट कॉम, डॉट इन किंवा २०१४ पासून देवनागरीत मिळू लागलेले डॉट भारत. ही झाली दुकानाची पाटी. दुसरी होस्टिंग, म्हणजे आपली पाने आणि छायाचित्रे ज्या संगणकावर चोवीस तास ठेवलेली असतात, त्या संगणकावरील जागा. हा झाला भाड्याचा गाळा.

गाळा बदलता येतो. मालक चांगला नसेल तर सामान उचलून दुसरीकडे जाता येते. पण पाटी गेली तर सगळे गेले, कारण तेच नाव पिशवीवर, पावतीवर, व्हिजिटिंग कार्डावर आणि गिऱ्हाइकाच्या तोंडी असते. म्हणून होस्टिंगवाला कोण, याआधी विचारायचा प्रश्न असा की, पाटी कोणाच्या नावावर आहे?

समजा, कल्याणच्या एका भगिनीने मसाल्याचा धंदा उभा केला आणि वेबसाइटचे काम ओळखीच्या मुलाला दिले. त्याने डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ई-मेलवर आणि स्वतःच्या फोन नंबरवर घेतले. त्याच्या मनात काही वाईट नाही, त्याला तेच सोपे वाटले. दोन वर्षांनी तो नोकरीसाठी बंगळूरला गेला. डोमेनची मुदत संपत आल्याच्या सूचना त्याच्या जुन्या ई-मेलवर येत राहिल्या आणि कोणी पाहिल्या नाहीत. डॉट कॉम नावाची मुदत संपली की नोंदणी करणाऱ्या कंपनीप्रमाणे काही दिवसांची सवलत असते. त्यानंतर ३० दिवस जादा दंड भरून नाव सोडवता येते. तेही टळले, की नाव पुन्हा बाजारात येते आणि जो आधी घेईल त्याचे होते. मसाला तोच, चव तीच, पण पाकिटावर छापलेल्या पत्त्यावर आता भलत्याच कोणाचे पान उघडते.

यावर उपाय साधा आहे. डोमेनचे खाते स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ई-मेलने उघडावे. पैसे स्वतःच्या खात्यातून भरावेत आणि बिल स्वतःच्या किंवा धंद्याच्या नावाने घ्यावे. हा ई-मेल त्याच डोमेनवरचा नसावा. नाहीतर वेबसाइट बंद पडली की सूचनाही बंद पडतात. काम करणाऱ्या मुलाला काम करण्यापुरता प्रवेश द्यावा, मालकी देऊ नये. ओळख कितीही जवळची असली तरी घराचा सातबारा आपण शेजाऱ्याच्या नावावर करत नाही, तसेच हे आहे.

स्वस्ताईचा हिशेब

आता गाळ्याकडे वळू. जाहिरातीत लिहिलेले असते, महिना फक्त ९९ रुपये. खाली बारीक अक्षरांत असते की, हा दर चार वर्षांचे पैसे एकदम भरले तरच. म्हणजे ४८ महिन्यांचे ४,७५२ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ८५५ रुपये. पाच हजार सहाशे रुपये आज खिशातून जातात, आणि ज्याचे काम आपण एक दिवसही पाहिलेले नाही अशाच्या हाती जातात. शिवाय पुढच्या खेपेचा दर निराळा असतो. तो दुप्पट-तिप्पट असू शकतो.

यासाठी दोन नियम पाळावेत. पहिला, पहिल्या वर्षाचा नव्हे, नूतनीकरणाचा दर विचारावा आणि तोच खरा दर मानावा. दुसरा, आरंभी एक वर्षाचे किंवा जमल्यास महिन्याचेच पैसे भरावेत. थोडे महाग पडले तरी चालेल. ते अनुभव घेण्याचे मोल आहे.

'अनलिमिटेड' या शब्दालाही भुलू नये. छोट्या धंद्याला बहुधा सामायिक होस्टिंग मिळते. एका सर्व्हरवर शेकडो वेबसाइटी असतात, चाळीत एका नळावर अनेक बिऱ्हाडे असावीत तशा. जागा अमर्याद म्हटली तरी फायलींची संख्या, सर्व्हरची शक्ती आणि दिवसाला जाणारे ई-मेल यांवर मर्यादा असतेच. ती अटींच्या पानावर लिहिलेली असते. ज्या दिवशी सणाची गर्दी होते, नेमक्या त्याच दिवशी ही मर्यादा आड येते. म्हणून ती आधी वाचावी. छोट्या धंद्याला सामायिक होस्टिंग पुरते, त्यात कमीपणा नाही. फक्त गर्दी वाढली तर पुढची मोठी जागा त्याच कंपनीकडे किती रुपयांना मिळेल, हे विचारून ठेवावे.

सुरक्षेच्या प्रमाणपत्राचेही असेच. पत्त्याआधी एचटीटीपीएस असणे आता आवश्यक आहे. जुलै २०१८ पासून गूगलचा क्रोम ब्राउझर हे नसलेल्या वेबसाइटला 'सुरक्षित नाही' असा शेरा मारू लागला. गिऱ्हाईक तो शेरा पाहून परत फिरते. पण लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा सेवा २०१५ पासून असे प्रमाणपत्र विनामूल्य देते आणि अनेक होस्टिंग कंपन्या ते आपोआप बसवून देतात. साध्या प्रमाणपत्रासाठी कोणी दरवर्षी वेगळे पैसे मागत असेल, तर कशाचे, हे विचारावे.

९९.९ टक्क्यांचे वचन

वेबसाइट ९९.९ टक्के वेळ चालू राहील, असे वचन जवळजवळ सगळेच देतात. हिशेब केला तर वर्षाला पावणेनऊ तास बंद राहिली तरी वचन पाळले गेले असे होते. ९९ टक्के म्हटले तर वर्षाला साडेतीन दिवसांहून अधिक. हा फरक कागदावर एका टक्क्यापेक्षाही कमी दिसतो.

आणि वचन मोडले तर काय? बहुतेक करारांत भरपाई म्हणजे त्या महिन्याच्या भाड्यातील काही भाग पुढच्या बिलात वळता करणे. आपली दिवाळीची पाच हजारांची विक्री बुडाली, तरी हाती पडतात वीस-पंचवीस रुपये. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने व्यापारी हेतूसाठी घेतलेली सेवा ग्राहकाच्या व्याख्येबाहेर ठेवली आहे. म्हणजे धंद्यासाठी घेतलेल्या होस्टिंगची तक्रार ग्राहक आयोगात चालेल असे गृहीत धरता येत नाही. मोठा व्यापारी वकील लावील. हातावर पोट असणाऱ्याने मागाहून भांडण्यापेक्षा आधी पारखून घेणे हेच शहाणपणाचे.

प्रत आपल्या घरात

१० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग शहरात ओव्हीएच या मोठ्या कंपनीच्या सर्व्हर-केंद्राला आग लागली. एक इमारत पूर्ण जळाली. असंख्य वेबसाइटी बंद पडल्या. काही ग्राहकांचा बॅकअपही त्याच आवारात होता, त्यामुळे मूळ आणि प्रत दोन्ही गेले. ऑगस्ट २०२३ मध्ये डेन्मार्कच्या क्लाउडनॉर्डिक या कंपनीवर खंडणीखोर हॅकरांनी हल्ला केला. सर्व्हर आणि बॅकअप दोन्ही कुलूपबंद झाले आणि बहुसंख्य ग्राहकांची माहिती कायमची गेली.

या कंपन्या काही बनावट नव्हत्या. यातून घ्यायचा धडा असा की, चांगल्यातली चांगली कंपनीही आपल्या सामानाची एकमेव राखणदार असू नये. 'आम्ही रोज बॅकअप घेतो' असे सांगितले तर तीन प्रश्न विचारावेत. किती दिवसांचा जुना बॅकअप मिळेल? तो दुसऱ्या ठिकाणी ठेवता का? परत बसवून देण्याचे वेगळे पैसे घेता का? उत्तरे काहीही येवोत, महिन्यातून एकदा पूर्ण प्रत स्वतः उतरवून घ्यावी. एक घरच्या संगणकावर, एक पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या एखाद्या ऑनलाइन साठ्यात. केवळ फायली उतरवून भागत नाही, डेटाबेसही लागतो. मालाची यादी, दर, ऑर्डरी त्यातच असतात. या प्रतीत गिऱ्हाइकांचे पत्ते आणि फोन नंबर असतात, म्हणून ती भलत्याच्या हाती पडणार नाही अशी ठेवावी. आणि वर्षातून एकदा ती प्रत परत बसवून पाहावी. न उघडलेल्या डब्यात धान्य आहे की भुसा, हे उघडल्याशिवाय कळत नाही.

पैसे देण्याआधीची परीक्षा

मुलीसाठी स्थळ पाहताना आपण चार ठिकाणी विचारतो. इथेही तेवढे कष्ट घ्यावेत. ते सगळे घरबसल्या होते.

कंपनीच्या वेबसाइटवर पूर्ण पत्ता, फोन आणि जीएसटी क्रमांक आहे का, ते पाहावे. जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकला की नोंदणीचे नाव आणि नोंदणी चालू आहे की नाही, ते कळते. कंपनीचे स्वतःचे डोमेन केव्हा नोंदले, हे 'हूइज' या सोयीने पाहता येते. दहा वर्षांचा अनुभव सांगणाऱ्याचे डोमेन सहा महिन्यांपूर्वीचे निघाले, तर तिथेच थांबावे.

मग एक साधा प्रश्न लिहून पाठवावा, शक्यतो रविवारी रात्री. उत्तर किती वेळात आले, प्रश्न समजून आले की छापील मजकूर आला, हे पाहावे. आज पैसे घेण्याआधी जो उत्तर देत नाही, तो उद्या घेतल्यावर देईल अशी आशा नको. गिऱ्हाईक मुख्यतः महाराष्ट्रातले असेल तर सर्व्हर मुंबईत किंवा निदान भारतात आहे का, हेही विचारावे. पान लवकर उघडते. मात्र नुसत्या ताऱ्यांच्या गुणांवर आणि 'दहा उत्तम होस्टिंग' अशा याद्यांवर भिस्त ठेवू नये. अशा अनेक याद्यांना प्रत्येक विक्रीमागे कंपनीकडून दलाली मिळते. त्यापेक्षा आपल्यासारखाच धंदा करणाऱ्या दोघा-तिघांना विचारावे, तुमची वेबसाइट शेवटची केव्हा बंद पडली आणि तेव्हा काय झाले? कधीच अडचण आली नाही असे सांगणाऱ्यापेक्षा, अडचण आली आणि दोन तासांत सुटली असे सांगणाऱ्याचा दाखला मोलाचा.

निघण्याची वाट

शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची परीक्षा म्हणजे, इथून निघायचे झाले तर? आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे डॉट कॉमसारखे नाव दुसरीकडे हलवण्यासाठी एक गुप्त संकेत लागतो आणि तो मागितल्यापासून ५ दिवसांत द्यावा लागतो. नव्याने घेतलेले किंवा नुकतेच हलवलेले नाव ६० दिवस हलवता येत नाही. डोमेन आणि होस्टिंग एकाच कंपनीकडे घेतले तर सोयीचे पडते, पण भांडण झाले की पाटी आणि गाळा दोन्ही एकाच्याच मुठीत राहतात. म्हणून जमल्यास दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावे. ज्याच्याकडून आपण सामान घेऊन सुखाने निघू शकतो आणि तो अडवत नाही, तोच भरवशाचा होस्टिंगवाला समजावा.

ज्यांची वेबसाइट आधीच आहे, अशा बंधू-भगिनींनी या रविवारी अर्धा तास काढावा. डोमेनच्या खात्यात मालक म्हणून कोणाचे नाव आहे आणि मुदत कोणत्या तारखेला संपते, ते पाहून वहीत लिहावे. ती तारीख आणि तिच्याआधीचा एक महिना भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने नोंदवावा. नाव दुसऱ्याचे असेल तर त्याला आजच फोन करावा आणि ते आपल्या खात्यात घ्यावे. संबंध चांगले आहेत, फोन उचलला जातो आहे, तोवरच हे काम सोपे आहे.