शिक्का नको, प्रश्न हवा

जून महिना उजाडला की आपल्या घराघरांतून वह्या-पुस्तकांबरोबर आणखी एका खरेदीची चर्चा सुरू होते. कोणता क्लास लावावा, कोणते ॲप घ्यावे, टॅब घेऊन द्यावा की नाही? अलीकडे या यादीत एका नव्या वस्तूची भर पडली आहे, ती म्हणजे मुलाच्या ‘अध्ययनशैली’चा अहवाल. काही प्रश्नांची उत्तरे भरून घेऊन, कोठे कोठे तर बोटांचे ठसे घेऊन, ‘आपला पाल्य पाहून शिकणारा आहे’, ‘आपली कन्या ऐकून शिकणारी आहे’ असा निर्वाळा रंगीत कागदावर छापून दिला जातो. व्यापारी कुटुंबांत माल पदरात घेण्यापूर्वी पारखून घेण्याची रीत आहे. तीच रीत या मालासही लावून पाहावी, एवढाच आजच्या लेखाचा हेतू.

बोटांच्या ठशांवरून बुद्धी वा शिकण्याची पद्धत कळते, यास शास्त्रीय आधार नाही. त्याचा विचार येथेच संपतो. प्रश्नावलीची गोष्ट मात्र थोडी निराळी आहे. पाहून, ऐकून, वाचून-लिहून आणि कृतीतून असे चार प्रकार ज्या प्रश्नावलीमुळे जगभर रूढ झाले, ती ‘वार्क’ प्रश्नावली न्यूझीलंडमधील नील फ्लेमिंग यांची. कोलीन मिल्स यांच्यासह त्यांनी १९९२ साली तिच्याविषयी लेख प्रसिद्ध केला. आपण अभ्यास कसा करतो, याचा विद्यार्थ्याने स्वतःशी विचार करावा, हा तिचा उद्देश. पुढे मात्र त्यावरून असा समज पसरला की प्रत्येक मुलाचा एक ठरलेला प्रकार असतो आणि त्या प्रकारानेच शिकविले तर ते अधिक चांगले शिकते.

माझी भाची एका माध्यमिक शाळेत आठवीस गणित शिकविते. एका प्रशिक्षणात तिने हा विचार ऐकला आणि मोठ्या उत्साहाने अमलात आणला. ऑनलाइन प्रश्नावली भरून घेऊन तिने वर्गाचे चार गट केले. चक्रवाढ व्याजाचा धडा आला तेव्हा ‘पाहणाऱ्यां’ना आलेख व चित्रफीत, ‘ऐकणाऱ्यां’ना ध्वनिफीत, ‘वाचणाऱ्यां’ना पुस्तक आणि ‘करणाऱ्यां’ना खोट्या नोटांची पेढी दिली. वर्ग रंगला, मुले खूश झाली. घटक चाचणीत मात्र नोटांची पेढी उत्तम चालविणाऱ्या एका मुलाने उदाहरणे कोरी सोडली. हा मुलगा किराणा दुकानदाराचा. गल्ल्यावर बसून तोंडी हिशेब बिनचूक करणारा. त्याला विचारले तेव्हा म्हणाला, ‘‘मॅडम, द. सा. द. शे. म्हणजे काय ते कळलं नाही. मी वाचणारा नाही ना, करणारा आहे.’’

भाची मला म्हणाली, ‘‘मामा, गणितात तो कच्चा नाही. वाचनाची सूट मीच त्याला देऊन टाकली होती.’’

या एका वाक्यात सारे आले. मुलास आवडेल ते द्यावे म्हणून केलेली सोय त्याच्यासाठी सबब झाली. जे जमत नाही त्याचा सराव द्यायचा, तर नेमके तेच त्याच्या ताटातून काढून घेतले गेले. व्यापाऱ्याच्या मुलास पुढे कर्जाचा करारनामा, कराची नोटीस आणि भाडेपट्टा वाचावाच लागणार आहे. तेथे ‘मी वाचणारा नाही’ हे उत्तर कोण ऐकून घेईल?

संशोधन काय सांगते, तेही पाहू. २००८ साली हॅरॉल्ड पॅश्लर, मार्क मॅकडॅनियल, डग रोहरर व रॉबर्ट ब्योर्क या चार मानसशास्त्रज्ञांनी या विषयावरील अभ्यासांचा आढावा घेतला. दावा सिद्ध व्हायचा असेल, तर ‘पाहणाऱ्या’ मुलांपैकी काहींना चित्राने व काहींना ऐकवून शिकवावे, ‘ऐकणाऱ्या’ मुलांबाबतही तसेच करावे आणि शेवटी सर्वांची एकच परीक्षा घ्यावी. ज्याला त्याच्या प्रकाराने शिकविले, त्याला अधिक आले पाहिजे. इतकी काटेकोर तपासणी करणारे अभ्यास त्यांना फार थोडे आढळले आणि त्यांतील काहींचे निष्कर्ष तर दाव्याच्या विरुद्ध गेले. शाळांनी या पद्धतीवर वेळ व पैसा खर्च करावा इतका पुरावा नाही, असे त्यांनी स्पष्टपणे नोंदविले. मुलांना आवडीनिवडी असतात, हे त्यांनी नाकारले नाही. आवडीप्रमाणे शिकविल्याने अधिक येते, एवढेच सिद्ध होत नाही.

बँकेत आयुष्य घालविलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. कर्ज मागणाऱ्याने स्वतःविषयी काय लिहून दिले, यावर आम्ही कधी थांबलो नाही. खात्यातील उलाढाल पाहिली. प्रश्नावली मुलाची आवड सांगते. त्याच्या खात्यातील उलाढाल त्याने सोडविलेल्या उदाहरणांत दिसते.

मग चित्र, आवाज आणि कृती यांना वर्गात स्थान नाही काय? अवश्य आहे. परंतु त्यांची निवड मुलाच्या शिक्क्यावरून न होता विषयाच्या गरजेवरून व्हावी. नकाशा पाहिल्यावाचून भूगोल कळत नाही, मग मूल कोणत्याही गटाचे असो. कविता कानांवर पडावीच लागते. कंपास हाती धरल्यावाचून वर्तुळ येत नाही आणि जमाखर्च लिहिल्यावाचून येत नाही. दहा हजार रुपये द. सा. द. शे. दहा दराने तीन वर्षे ठेवले, तर सरळव्याज ३,००० रुपये आणि चक्रवाढ व्याज ३,३१० रुपये. हे ३१० रुपये कोठून आले, हे आलेखावर दिसते, तक्त्यात मोजता येते आणि शब्दांत सांगता येते. तिन्ही वाटा प्रत्येक मुलासमोर ठेवल्या म्हणजे कल्पना पक्की होते.

पक्की झालेली कल्पना टिकते कशाने, याचे उत्तर अमेरिकेतील हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिकी यांच्या २००६ सालच्या प्रयोगात मिळते. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार वेळा अभ्यासला. दुसऱ्या गटाने एकदा अभ्यासला आणि तीन वेळा न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पाहता पहिला गट पुढे होता. आठवड्याने मात्र पहिल्या गटास सुमारे ४० टक्के, तर दुसऱ्यास सुमारे ६१ टक्के मजकूर आठवला. पुन्हा पुन्हा वाचल्याने ‘आले’ असे वाटते. स्मरणातून बाहेर काढल्याने खरोखर येते. आपल्या आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, दिडकी रोज सायंकाळी म्हटली, ती पाटी पालथी घालूनच.

भाचीने यातून जो बदल केला तो साधा आहे. भिंतीवरचा गटांचा तक्ता उतरला. आता प्रत्येक तासाच्या आरंभी मागील आठवड्यातील तीन प्रश्न असतात. त्यासाठी ती ‘प्लिकर्स’ हे साधन वापरते. प्रत्येक मुलाजवळ पुठ्ठ्यावर चिकटविलेले एक छापील कार्ड असते. ते ज्या बाजूने उभे धरावे तो पर्याय ठरतो. शिक्षिका एकाच मोबाइलने वर्गावरून नजर फिरविते आणि कोणी काय उत्तर दिले ते तिच्या पडद्यावर उमटते. मुलांकडे मोबाइल असण्याची गरज नाही; शेजाऱ्याचे उत्तर चोरताही येत नाही. एके दिवशी निम्म्याहून अधिक वर्गाने ३,३१० ऐवजी ३,००० हा पर्याय धरला. नवा धडा बाजूस ठेवून तिने तोच तास त्या ३१० रुपयांवर खर्च केला. मागच्या बाकावरील जो मुलगा कधी हात वर करीत नाही, त्याची शंका या साधनामुळे त्याच दिवशी कळते. सहामाहीत तिला ती उत्तरपत्रिकेत सापडली असती.

आपल्या महाराष्ट्रात याचे मोठे उदाहरण आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली. त्यातून मुलांपर्यंत कवितांचे ध्वनिमुद्रण, चित्रफिती, गोष्टी आणि स्वाध्याय पोहोचले. २०२० साली त्यांना दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइज’ मिळाला आणि त्यातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. ऐकणे, पाहणे आणि सोडविणे हे सारे तेथे एकाच पुस्तकाच्या द्वारे सर्व मुलांसाठी खुले झाले, ही गोष्ट मला पुरस्काराच्या रकमेहून मोठी वाटते.

पालकांसाठी एक व्यवहाराची सूचना. महागडे ॲप घेण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. ते मुलाला केवळ दाखविते की विचारतेही? चूक झाली तर कारण सांगते काय? आणि तीच सामग्री २०१७ पासून सुरू असलेल्या ‘दीक्षा’ या शासकीय मंचावर विनामूल्य मिळते काय? मासिक हप्त्याचा कागद पुढे आला, तर कर्ज देणारी संस्था कोण हे वाचल्याशिवाय सही करू नये. शिकविणारा एक आणि कर्ज देणारा दुसरा असेल, तर शिकवणी थांबली तरी हप्ता आपोआप थांबत नाही.

सर्वांत स्वस्त साधन तर घरातच आहे. दुकान बंद करून आल्यावर, जेवताना मुलाला एवढेच विचारावे, ‘‘मागच्या आठवड्यात काय शिकलास? मला समजावून सांग.’’ पुस्तक बंद असावे आणि त्या पाच मिनिटांत आपला मोबाइलही. तो अडखळेल, अडखळू द्यावे. आठवण्याची तीच मेहनत त्याच्या नावे जमा होत असते.

त्या किराणा दुकानदाराच्या मुलाचे गुण एकाएकी वाढले, असे नाही. परंतु ‘द. सा. द. शे. म्हणजे दर साल दर शेकडा’ हे आता तो शेजारच्या मुलाला समजावून सांगतो, आणि ‘मी वाचणारा नाही’ हे वाक्य भाचीने त्याच्या तोंडून पुन्हा ऐकलेले नाही.