आर्टिकलची डायरी कोण वाचते?

प्रशिक्षणाची मुदत संपत आलेला आर्टिकल फॉर्म १०८ घेऊन आपल्या टेबलासमोर उभा राहतो. त्या फॉर्मवर आपण सही करतो, म्हणजे या मुलाने किंवा मुलीने आपल्या देखरेखीखाली काम शिकून पूर्ण केले, असे इन्स्टिट्यूटला लेखी कळवतो. अशा वेळी त्याची डायरी उघडून पाहावी. पानामागून पान ‘व्हाउचिंग केले’, ‘जीएसटी रिटर्न भरले’, ‘बँक रिकन्सिलिएशन’, ‘ऑडिटला गेलो’. कशाचे ऑडिट, काय तपासले, काय सापडले, सरांनी त्यावर काय विचारले, यातले काहीच हाती लागत नाही. कित्येक आठवड्यांच्या नोंदी एकाच बैठकीत उरकल्याचे तर वाचताक्षणीच कळते. खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर, शेगाव, बुलढाणा अशा ठिकाणी प्रॅक्टिस करणाऱ्या आपणा सर्वांशी या महिन्यात याच विषयावर बोलायचे आहे. आर्टिकल डायरी नीट लिहीत नाहीत, ही तक्रार आपण सगळेच करतो. ती नीट लिहिली जात नाही, याचे मुख्य कारण आपण ती वाचत नाही, हे आहे.

आपल्या व्यवसायात उमेदवारी हा पहिल्यापासूनचा पाया आहे. मुंबईत १९१८ साली सरकारने गव्हर्नमेंट डिप्लोमा इन अकाउंटन्सी सुरू केला, तेव्हाही नुसती परीक्षा पुरत नव्हती. मान्यताप्राप्त लेखापालाच्या हाताखाली ३ वर्षे काम केल्यावरच निर्बंधांशिवाय हिशेब तपासण्याचे प्रमाणपत्र मिळे. १९४९ च्या चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्याने इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि हीच परंपरा आर्टिकलशिप म्हणून पुढे चालत आली. १ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या नव्या योजनेत प्रशिक्षणाचा काळ ३ वर्षांवरून २ वर्षांवर आला. आठवड्याचे किमान ३५ तास धरले, तर २ वर्षांचे साडेतीन हजारांहून थोडे अधिक तास होतात, आणि सुट्ट्या त्यातूनच वजा करायच्या. पूर्वी पहिले वर्ष कच्च्या कामात गेले तरी हाती दोन वर्षे उरत. आता पहिले वर्ष तसे गेले, तर निम्मे प्रशिक्षण संपलेले असते.

कागदपत्रांची व्यवस्था आपल्याला पाठ आहे. सुरुवातीला फॉर्म १०२ चा करारनामा आणि फॉर्म १०३ ची नोंदणी, अखेरीस फॉर्म १०८. मधल्या काळातल्या कामाच्या नोंदींसाठी इन्स्टिट्यूटच्या पोर्टलवर ई-डायरी आहे. करारनाम्यावरून आणि फॉर्मवरून एवढेच सिद्ध होते, की अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत ही व्यक्ती आपल्याकडे होती. तिला काय येऊ लागले, हे सांगणारी जागा एकच, ती म्हणजे डायरी.

जगात याची दोन प्रकारे मोजणी होते. इंग्लंड आणि वेल्सच्या चार्टर्ड अकाउंटंट्सच्या संस्थेत उमेदवाराला ४५० दिवसांचा कामाचा अनुभव दाखवावा लागतो. एसीसीए या संस्थेत ३६ महिन्यांच्या अनुभवाबरोबर ९ कार्यउद्दिष्टे पूर्ण करावी लागतात. प्रत्येक उद्दिष्टासाठी आपण प्रत्यक्ष काय केले, हे उमेदवार स्वतःच्या शब्दांत लिहितो आणि त्याचे काम जवळून पाहणारा पर्यवेक्षक ते तपासून सही करतो. आंतरराष्ट्रीय शिक्षण मानक क्रमांक ५ मध्ये काळ मोजणे, क्षमता दाखवणे किंवा दोन्हींचा मेळ घालणे, हे तिन्ही मार्ग मान्य आहेत. आपल्याकडचा भर अजून काळ मोजण्यावर आहे. त्या काळात काय भरायचे, हे ठरवणे म्हणूनच प्रिन्सिपलच्या हाती उरते.

आणि भरायला आपल्या जिल्ह्यात काय नाही? आपल्या मुलांना पुण्या-मुंबईसारखे एक्स्पोजर मिळत नाही, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे, की ते खरे वाटू लागले आहे. मोठ्या फर्ममध्ये एखादा आर्टिकल कित्येक महिने एकाच कंपनीच्या एकाच खात्यावर बसतो. आपल्याकडचा आर्टिकल एका हंगामात जिनिंग, पतसंस्था, अडत दुकान, सार्वजनिक न्यास आणि शेतकरी उत्पादक कंपनी पाहतो. कमतरता अनुभवाची नाही. तो कागदावर उतरत नाही, म्हणून मुलाखतीत बोलताही येत नाही.

खामगाव-मलकापूर पट्ट्यातली जिनिंग घ्या. कापूस येतो, रुई आणि सरकी वेगळी होते, १७० किलोच्या गाठी बांधल्या जातात. शेतकऱ्याकडून घेतलेल्या कच्च्या कापसावर नोव्हेंबर २०१७ पासून नोंदणीकृत खरेदीदाराने रिव्हर्स चार्जने जीएसटी भरायचा असतो. काटापावती, खरेदी रजिस्टर, रुईचा उतारा, गाठींचा साठा, सरकीची विक्री आणि घट हे सगळे एकमेकांशी जुळले पाहिजे. साठ्याचे लेखापरीक्षण शिकायला यापेक्षा चांगली शाळा सापडणार नाही. पण डायरीत याची नोंद होते ती ‘स्टॉक व्हेरिफिकेशन’ एवढ्या दोन शब्दांत.

त्याच दिवसाची नोंद कशी असावी, याचा हा एक नमुना: ‘जिनिंग व्यवसाय. दोन महिन्यांच्या काटापावत्या खरेदी रजिस्टरशी जुळवल्या. रुईचा उतारा आधीच्या महिन्यात ३४ टक्के, या महिन्यात ३१. मॅनेजरने कापसात ओलावा होता असे सांगितले. पावत्यांवर ओलाव्याची नोंद पाहिली, निम्म्यांवर नव्हती. सरांना दाखवले. सरांनी सरकी-विक्रीची बिले आणि घट रजिस्टर काढायला सांगितले. फरक का पडला याचे टिपण फाइलला लावले.’ लिहायला फार तर दहा मिनिटे लागतात. मात्र ज्याने हे लिहिले, त्याला विश्लेषणात्मक तपासणी म्हणजे काय, हे पुस्तक न उघडता सांगता येईल.

दुसरे मोठे क्षेत्र सहकाराचे. १९८६ साली सुरू झालेल्या आणि पुढे बहुराज्यीय झालेल्या बुलडाणा अर्बनपासून गावातल्या छोट्या पतसंस्थेपर्यंत या जिल्ह्यातल्या लोकांची बचत सहकारी संस्थांत आहे. पतसंस्थेतल्या ठेवींना बँकेसारखा ठेव विमा नसतो, त्यामुळे ठेवीदाराला लेखापरीक्षकाचाच मोठा आधार असतो. सहकारी बँकही कधी अडचणीत येऊ शकते, हे जिल्ह्याने पाहिले आहे. ५ जुलै २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने मलकापूर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रद्द केला. अशा जिल्ह्यात थकबाकीचे वर्गीकरण तपासणारा, सोनेतारणाची पाकिटे मोजणारा, नूतनीकरण केलेले कर्ज खरोखर फिटले की कागदोपत्री फिरवले, हे शोधणारा आर्टिकल फार मोलाचे शिकत असतो. त्याने तपासलेल्या खात्यांचा नमुना कसा निवडला, शंका कुठे आली, मागच्या वर्षीच्या दोष दुरुस्ती अहवालातले किती मुद्दे तसेच राहिले, हे डायरीत आलेच पाहिजे. शेगावसारख्या तीर्थक्षेत्राच्या आसपास न्यासांची कामे असतात. तिथे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० खालची परिशिष्टे आणि आयकराचा लेखापरीक्षा अहवाल यांची सांगड घालावी लागते. ही सांगड स्वतः घातलेला आर्टिकल ‘ट्रस्ट ऑडिट’ एवढेच लिहून थांबतो, तेव्हा त्याचे नुकसान होते.

नोंद पुरेशी झाली की नाही, हे ठरवायला नवी कसोटी शोधायची गरज नाही. लेखापरीक्षणाचे मानक २३० सांगते, की त्या ऑडिटशी पूर्वी काही संबंध नसलेल्या अनुभवी लेखापरीक्षकाला कामकाजपत्रे वाचून केलेली तपासणी, मिळालेला पुरावा आणि काढलेला निष्कर्ष समजला पाहिजे. अहवालाच्या तारखेनंतर साधारण ६० दिवसांत फाइल लावून पूर्ण करायची आणि किमान ७ वर्षे जपायची, ही शिस्त आपण पाळतो. डायरीलाही हीच कसोटी लावा. अकोल्याच्या किंवा जळगावच्या एखाद्या सीएने ती वाचली, तर आपला आर्टिकल काय करू शकतो, हे त्याला कळेल का? जो दोन वर्षे आपल्या कामाचा पुरावा लिहायला शिकला, तो पुढे कामकाजपत्रे आपोआप चांगली लिहील. डायरी हा लेखापरीक्षणाचाच सराव आहे.

एक काळजी मात्र लहान गावात जास्त घ्यावी लागते. अशिलाची माहिती बाहेर देणे हे व्यावसायिक गैरवर्तन आहे आणि आर्टिकलच्या हातून ते घडू नये, ही जबाबदारी आपली. नाव गाळले म्हणजे काम झाले, असे इथे होत नाही. तालुका आणि धंदा लिहिला, की वाचणाऱ्याला नाव कळते. म्हणून व्यवसायाचा प्रकार, केलेले काम आणि निष्कर्ष लिहावा. गाव, उलाढालीचा नेमका आकडा आणि माणसांची नावे फाइलमध्ये राहू द्यावीत.

भाषेचा मुद्दाही मोकळेपणाने बोलला पाहिजे. आपल्याकडे येणारी बरीच मुले शेतकरी कुटुंबांतली, मराठी माध्यमातून शिकलेली असतात. समजलेले असते, पण इंग्रजीत लिहायचे म्हटले की ती दोन शब्दांवर थांबतात. त्यांना कच्ची नोंद मराठीत करू द्या. विचार आधी पूर्ण होऊ द्या, मग पोर्टलवर भरताना इंग्रजी शब्द शोधायला मदत करा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमानेच सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षकाकडून अनुभवाबरोबर मराठीच्या कामापुरत्या ज्ञानाची अपेक्षा केली आहे. या मुलांची मराठी ही त्यांची ताकद आहे.

आता प्रिन्सिपलचे काम. दर शनिवारी प्रत्येक आर्टिकलसाठी पंधरा मिनिटे काढावीत. आठवड्याच्या नोंदी वाचाव्यात आणि निदान एक प्रश्न विचारावा: ‘हे असे का केले?’ उत्तर आले की मगच नोंद मंजूर करावी. महिन्यातून एकदा अर्धा तास बसून काय शिकून झाले आणि काय राहिले, याची यादी करावी. प्रत्यक्ष कर, अप्रत्यक्ष कर, कंपनी लेखापरीक्षण, सहकार, न्यास, बँक शाखेचे लेखापरीक्षण, अंतर्गत तपासणी, असे ढोबळ रकाने पुरतील. वर्षभर एखादा रकाना रिकामा राहिला, तर त्यावर उपाय नियमांतच आहे. वेगळ्या प्रकारचे काम शिकण्यासाठी आर्टिकलला काही काळ दुसऱ्या सदस्याकडे पाठवता येते. चिखलीच्या कार्यालयात कंपन्या नसतील आणि अकोल्याच्या कार्यालयात सहकारी संस्था नसतील, तर दोघांनी एकमेकांचे आर्टिकल का शिकवू नयेत? दोन्हीकडच्या मुलांचा लाभ होईल.

वेळ कुठे आहे, असे अनेक जण म्हणतील. एकट्याने कार्यालय चालवणाऱ्याची ओढाताण खरी आहे. मुदतीच्या आठवड्यात पंधरा मिनिटेही निघत नाहीत, हेही खरे. पण लहान गावात स्टायपेंडच्या तक्त्यातला सर्वांत खालचा रकाना लागू होतो. त्या रकमेत हा मुलगा किंवा मुलगी रात्री उशिरापर्यंत आपल्याकडे बसते, ती शिकायला मिळेल या भरवशावर. पैशात आपण जे देत नाही, ते शिकवण्यातून देणे लागतो. शिवाय वाचलेली डायरी आपलेही काम हलके करते. आर्टिकल कुठे अडला, कुठली तपासणी अर्धवट राहिली, हे अहवालावर सही करण्याआधी कळते.

यापुढचे बोलणे कडू आहे, पण टाळता येणार नाही. नोंदणी इथे, हजेरी कागदावर आणि विद्यार्थी मोठ्या शहरातल्या क्लासमध्ये, असे प्रकार आपल्या व्यवसायात घडतात. अशा बनावट आर्टिकलशिपसाठी सदस्य आणि विद्यार्थी दोघांवरही शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. तरी कारवाईच्या भीतीपेक्षा मोठे कारण समोर आहे. १ जुलै २०१९ पासून आपण लेखापरीक्षा अहवालावर यूडीआयएनशिवाय सही करत नाही, कारण आपल्या सहीमागे खरे काम आहे हे कुणालाही पडताळता यावे. फॉर्म १०८ वरच्या सहीवर भरवसा ठेवून देश एका नव्या माणसाला अहवालांवर सही करण्याचा अधिकार देतो. ती खोटी असेल, तर पुढे त्याने केलेल्या प्रत्येक सहीत तो खोटेपणा उतरतो.

आर्टिकल मित्रांनो, तुमच्यासाठी एवढेच. सर डायरी मागत नाहीत म्हणून थांबू नका. त्या दिवसाची नोंद त्याच दिवशी करा, आणि आठवड्याच्या शेवटी सरांसमोर ठेवून ‘सर, हे वाचून सांगता का?’ असे स्वतःहून विचारा. तुम्ही पाहिलेले प्रत्येक जिनिंग, प्रत्येक पतसंस्था उद्या मुलाखतीत तुमचे उत्तर असणार आहे, आणि ते उत्तर तुमच्या स्वतःच्या शब्दांत लिहिलेले असले पाहिजे.

सदस्य बंधू-भगिनींना आमची विनंती आहे, की या महिन्याच्या पहिल्या शनिवारी आपल्याकडच्या सर्वांत नव्या आर्टिकलची डायरी मागवा आणि त्याच्या शेजारी बसून ती पहिल्या पानापासून वाचा. काय सुटले, ते तुम्हाला लगेच दिसेल. सुटलेले भरून काढायला त्याच्याजवळ अजून वेळ आहे आणि शिकवायला तुम्ही आहात. बुलढाणा जिल्ह्यात तयार झालेला सीए देशात कुठेही गेला, तरी त्याच्या प्रशिक्षणाबद्दल कुणाला शंका घेता येऊ नये. एवढी पत कमावणे आपल्या हातात आहे.